ऊस, रात्रपाळी आणि साखरझोप

(ऊस विकास विभागाकडून)



ऊस विकास अधिकाऱ्याने माती परीक्षण, बेणे, हुमणी, ठिबक यांवर लिहावे. त्याने झोपेवर लिहिण्याचे कारण काय, असे आपणांस वाटेल. झोप हा डॉक्टरांचा विषय, हे आम्हांसही मान्य आहे. पण गटात फिरताना आम्ही एक गोष्ट सतत पाहतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास लागणीची नोंद द्यायला आलेला सभासद गट ऑफिसच्या बाकावर बसतो आणि तारीख सांगता सांगता पेंगतो. डोळे लालबुंद, गालात तंबाखूचा बार. विचारले की उत्तर ठरलेले, "रात्रीची लाइट होती साहेब." शिवारात जावे तर सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलेले, आणि धनी मोटारीच्या पेटीजवळ घोंगडे टाकून गाढ झोपलेला. त्याला उठवावे की पाणी बंद करून तसेच पुढे जावे, हा प्रश्न आम्हांला पडतो. बहुतेक वेळा आम्ही पाणी बंद करतो आणि त्याला झोपू देतो.

शेतीपंपाची थ्री फेज वीज आपल्याकडे वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, आणि जिथे वाहिनी सौर प्रकल्पाला जोडली गेली तिथे दिवसा वीज मिळू लागली. ज्यांची जोडली गेली ते सभासद सुटले. बाकीच्यांना रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि फावडे घेऊन निघावेच लागते. बिबट्या, मण्यार, विंचू यांची भीती सर्वांना ठाऊक आहे, तिच्याबद्दल सभांतून बोलणेही होते. झोपेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. शेतकऱ्याने झोपेची तक्रार करायची म्हणजे त्याला आळशी म्हणवून घ्यायचे, अशी आपली समजूत. ही समजूत आम्हांला मुळीच पटत नाही.

पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो. साखरेच्या धंद्यात ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. चारला कारखान्याची पाळी बदलते. तोडणीच्या टोळीतली बाई त्याच्या आधी चूल पेटवते. गाडीवान बैल जुंपतो, दूध घालणारा सभासद धारेला बसतो, आणि रात्रीच्या लाइटवरचा माणूस शेवटच्या दोन सऱ्या भिजवीत असतो.

दिवा मालवला आणि सकाळी लावला, इतकी झोप साधी नसते. ती सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. त्यात शरीराची दिवसभराची झीज भरून निघते, आणि वाढीचा रसही त्याच वेळी अधिक पाझरतो. पोरांना लवकर निजवा म्हणणारी जुनी माणसे खुळी नव्हती. उत्तररात्रीच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त असते. दिवसभर पाहिलेले, शिकलेले नीट लावून ठेवण्याचे आणि मनातली आदळआपट निवविण्याचे काम या झोपेत पुष्कळसे होते, असे तज्ज्ञ सांगतात. नऊला निजून चारला उठणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. बाराला निजून चारला उठणाऱ्याची मात्र नेमकी ही साखरझोप बुडते. असा माणूस अंगाने कामाला लागतो, पण क्षुल्लक कारणावरून भावाशी भांडतो, बैलावर हात टाकतो, सोसायटीत सही कुठे केली ते विसरतो.

झोप केव्हा यावी हे शरीराच्या आतले घड्याळ ठरवते. २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळाले, ते या घड्याळाची आतली यंत्रणा उलगडल्याबद्दल. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीवर त्यांनी हे काम केले. (आपल्या बागांना त्रास देणारी फळमाशी वेगळी.) असे घड्याळ माशीला आहे, माणसाला आहे आणि उसालाही आहे. उसाला तुरा येतो तो दिवस-रात्रीच्या लांबीच्या हिशोबाने, हे आपण जाणताच. तुरा धरण्याच्या काळात रात्रीत मध्येच उजेड पाडला तर तुरा टळतो किंवा लांबतो, असे प्रयोग परदेशांत झाले आहेत. एका उसाच्या कांडीला रात्रीचा उजेड इतका समजतो, तर माणसाच्या डोळ्याला समजणार नाही काय? अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन नावाचा रस पाझरू लागतो आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. डोळ्यांवर उजेड राहिला की हा रस अडतो. तो उजेड ट्यूबचा असो की हातातल्या मोबाइलचा.

हे घड्याळ पुढे-मागे करता येते, पण फार सावकाश. दिवसाला साधारण तासभर सरकते, असे धरून चाला. आठवडाभर रात्रीची लाइट असली तर सहा-सात दिवसांनी शरीर कुठे त्या वेळेला रुळू लागते, तोवर वेळापत्रक बदलते आणि लाइट दिवसाची होते. कारखान्यातल्या पाळीचेही तेच. म्हणून कायमच्या रात्रपाळीपेक्षा फिरत्या पाळीवरचे लोक पोटाच्या, डोकेदुखीच्या तक्रारी अधिक सांगतात, असा आमचा अनुभव आहे. घड्याळ रोज चुकीच्या वेळेला चावी दिल्यासारखे होते.

ही गोष्ट गावापुरती नाही. पुण्यात आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडी आहे. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याच्या मुक्कामाला येते तेव्हा वाटेत विश्रांतवाडी लागते, म्हणून आपल्यापैकी वारी करणाऱ्यांना हा भाग परिचयाचा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांची मुले आज विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या बाजूला खोल्या घेऊन राहतात. खराडी, विमाननगर, येरवड्याच्या कंपन्या तिथून जवळ पडतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला प्रशिक्षणासाठी जाणे झाले की आम्ही कोणाकोणाच्या पिशव्या घेऊन जातो. शेंगा, काकवी, भाकरीचे पीठ. गेल्या खेपेला एका सभासदाच्या दोन मुलांकडे विश्रांतवाडीत दोन रात्री राहिलो आणि तिथे पाहिले ते येथे मुद्दाम सांगतो.

खोली एक, राहणारे चार, खाटा तीन. एका खाटेवर दिवसा एक झोपतो, रात्री दुसरा. थोरला मुलगा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकतो. तिकडचा दिवस ती इकडची रात्र, म्हणून संध्याकाळी सातला जातो, पहाटे पाचच्या पुढे सुटतो. धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रात्री दोनपर्यंत वाचणे, मग तासभर मोबाइल, मग सकाळी साडेसातला अभ्यासिकेत जागा धरायला पळणे. नाव विश्रांतवाडी, पण त्या खोलीत विश्रांती काही आम्हांला दिसली नाही.

थोरला साडेसहाला परतला. तोंड धुऊन खाटेवर पडला आणि मोबाइल हातात घेतला. आम्ही विचारले, झोप येत नाही काय? म्हणाला, "काका, डोकं गरगरतंय, पण झोप येत नाही. जरा बघत पडलो की येते." तोवर ऊन वर आले. खिडकीला पडदा नाही. सातला नळाला पाणी आले, बादल्या वाजल्या. खाली भाजीवाला कर्ण्यावर ओरडू लागला. त्यात लोहगावचा विमानतळ जवळ. तिथे हवाई दलाचा तळ आणि प्रवासी विमाने एकाच धावपट्टीवर आहेत, आणि लढाऊ विमान उडाले की भांडी हादरतात. (धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षभराहून थोडे अधिक काळ रात्रीची प्रवासी उड्डाणे बंद होती, तेवढे दिवस बरे गेले असे शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले.) पोराला नऊला डोळा लागला आणि साडेबाराला जाग आली. म्हणजे साडेतीन तास. रात्रपाळी करणाऱ्याची दिवसाची झोप अशीच तोकडी पडते, कारण आतले घड्याळ उठ उठ म्हणत असते आणि बाहेरचे जग तर म्हणतच असते. उजेडातून घरी यायचे, उजेडात पडायचे, आणि वर डोळ्यांसमोर मोबाइलचा उजेड धरायचा, अशाने झोप कशी येणार?

दुसरी रात्र आम्हांला जास्त लक्षात राहिली. थोरल्याला रात्री दोनला जेवणाची सुटी असते. त्या वेळी तो रोज गावी वडिलांना फोन करतो, कारण रात्रीची लाइट असली की वडील जागे असतात हे त्याला माहीत. आम्ही खोलीवर जागेच होतो. धाकट्याला फोन आला, त्याने दोघांना एकत्र जोडले. इकडून धाकटा विचारतो, "आबा, लाइट आली का?" तिकडून आवाज, "आली मघाशी. चार सऱ्या ऱ्हायल्यात. तू जेवलास का रं?" रात्रीचे दोन वाजलेले. एकाच घरातली तीन माणसे तीन ठिकाणी जागी, आणि घरी आई जागी आहे हे नंतर कळले. गाव सोडून पोरे सुखात पडली असे आपण म्हणतो. पोरांनी ऊस सोडला, पण उसाची रात्र काही सुटली नाही.

याच आबांचा मागच्या हंगामातला प्रसंग. रात्रभर दारे धरली, सकाळी सहाला धार काढली, आणि किटली लावून मोटारसायकलवर डेअरीला निघाले. कॅनॉलच्या वळणावर डोळा लागला. क्षणभरच. गाडी भरावावरून खाली गेली. गळपट्टीचे हाड मोडले, दूध सांडले, दोन महिने एक हात गळ्यात. लोक म्हणाले, गाडी घसरली. आबा आम्हांला म्हणाले, "गाडी घसरली न्हाई, मी घसरलो."

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली एक मोजमाप प्रसिद्ध केले. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हाताच्या आणि नजरेच्या कामात जितका ढिला पडतो, तो रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका. चोवीस तास जागा असेल तर सुमारे दुप्पट दारू धरा. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर ट्रॅक्टर चालवणारा निर्व्यसनी माणूससुद्धा कायद्याने दारू पिऊन चालवणाऱ्यापेक्षा बरा नसतो. त्याला पकडायला यंत्र नाही, एवढेच. आणि रात्री दोन ते पहाटे सहा ही वेळ सर्वांत वाईट. शरीराची ऊब त्या वेळी सर्वांत कमी, हुशारीही कमी. त्यातली डुलकी इतकी बारीक असते की आपण झोपलो हे त्या माणसाला कळतच नाही. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चालला तरी तीन सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढे जातो, मागे दोन ट्रॉल्या भरून.

हंगामात आपल्या रस्त्यांवरून रात्री ट्रॅक्टर जातात ते मोठमोठ्याने गाणी लावून. गावातले लोक चिडतात, कायदाही रात्री दहा ते सहा कर्ण्याला मनाई करतो, आणि आजारी माणसाची, परीक्षेच्या पोरांची झोपमोड होते हे खरेच. पण त्या ड्रायव्हरला एकदा शांतपणे विचारा. तो सांगतो, गाणे बंद केले की झोप येते. तेव्हा ते मोठे गाणे ऐकू आले की आम्हांला चीड येण्याआधी धास्ती वाटते. गाणे जितके मोठे, तितकी त्याची झोप जवळ. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम ही मर्यादा आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आपल्या वाहतुकीतले किती ड्रायव्हर आठ तासांत सुटतात, हे गाडीतळावर जाऊन कोणीही पाहावे. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळला तर वजन आणि उतारा राहतो, हे आम्हीच आपणांस सांगतो. तो ऊस वेळेत आणायला कोणीतरी जागते, हेही सांगणे प्राप्त आहे. नंबर लागेपर्यंत ट्रॉलीखाली अंथरूण टाकणाऱ्यांना तर आमचे हात जोडून सांगणे आहे की खाली झोपू नका. पुढची गाडी हलली की मागची हलते, आणि झोपेतल्या माणसाला आवाज येत नाही.

तोडणीच्या टोळीत सर्वांत कमी झोप बाईची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण पहाटे भाकऱ्या बडवायला बाईच उठते, दिवसभर मोळ्या बांधते, गाडी भरायला रात्री हाक आली तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढते. रात्री अकराला गाडी आणून टोळी उठवणाऱ्या सभासदांची अडचण आम्ही समजतो, पण शक्य तिथे गाडी संध्याकाळी भरून ठेवावी आणि टोळीला एकदा निजल्यावर उठवू नये. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या हातून ऊस बुंध्यापासून तुटत नाही, वर तुटतो. जमिनीलगतच्या दोन पेरांत साखर जास्त असते आणि खोडवाही वर तोडल्याने बिघडतो. आपल्या फायद्याच्या भाषेत सांगितले तरी हिशोब तोच येतो.

आता शरीराचे. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना आठ ते दहा. "मला चार तास पुरतात" असे अभिमानाने सांगणारे प्रत्येक गावात असतात. त्यांतल्या बहुतेकांना ते पुरत नाहीत, सवय झालेली असते. चोपण जमिनीत पीक उगवायची सवय होते म्हणून ती जमीन चांगली ठरत नाही. शिकागोच्या संशोधकांनी १९९९ साली अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या रक्तातली साखर जिरण्याची शक्ती घटली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासारखी झाली. पुरेशी झोप दिल्यावर ती सुधारली. अपुऱ्या झोपेने भूकही भलत्या वेळी लागते आणि गोड-तळलेल्याकडे मन जाते. रात्री दोनच्या चहात साखर तीन चमचे का पडते, याचे उत्तर इथे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शिवारात राबणाऱ्याला साखरेचा रोग होत नाही, ही समजूत आता सोडून दिलेली बरी. गावोगावच्या आरोग्य शिबिरात ते दिसतेच.

रक्तदाबाचेही तसेच. चांगल्या झोपेत रात्री रक्तदाब खाली येतो, नळ्यांना विसावा मिळतो. झोपच नसेल तर विसावा नाही. वर्षानुवर्षे केलेल्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या यादीत ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग होतो असा नाही. पण रात्रीच्या कामाची किंमत शरीर मोजते, एवढे त्यातून समजावे.

आणि जमिनीचेही थोडे, कारण ते आमचे काम. मोटारीला ऑटो स्विच बसवून घरी किंवा बांधावर झोपणारे पुष्कळ आहेत. लाइट आली की मोटार आपोआप चालू, पाणी रात्रभर त्याच सऱ्यांत. माणसाला झोप मिळते, पण जमिनीला नको तितके पाणी मिळते. कॅनॉलखालच्या भारी जमिनी चोपण, क्षारपड कशा झाल्या याची कारणे अनेक आहेत, पण बिनराखणीचे रात्रीचे पाणी त्यांतले एक आहे. यावर आम्हांला एकच खरा तोडगा दिसतो, तो ठिबक. ठिबकावर दारे धरावी लागत नाहीत. व्हॉल्व्ह संध्याकाळी ठरवून ठेवला, सोबत वेळेवर चालणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह असेल तर बदलायलाही उठावे लागत नाही. पाण्याची बचत, खताची बचत हे आम्ही दहा वेळा सांगितले. झोपेची बचत यापुढे त्यात धरा.

ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांनी निदान सावड करावी. पेरणी-मळणीला आपण सावड करतोच. शेजारी-शेजारी दोन-तीन प्लॉट असतील तर एका रात्री एकाने तिघांचे पाणी धरावे, बाकी दोघांनी झोपावे. विहिरीची पाळी वाटून घेता, तशी रात्र वाटून घ्या. दोन ठिकाणी आम्ही हे चालू झालेले पाहिले. सुरुवातीला "माझ्या सऱ्या कोरड्या राहिल्या" म्हणून कुरबुरी झाल्या, मग बसले.

रात्री जागायचेच असेल तर संध्याकाळी जेवून तास-दीड तास झोप काढूनच निघावे. सकाळी परतल्यावर मोटारसायकल हातात घेऊ नये, दूध दुसऱ्याने घालावे. उजेडात घरी येताना डोक्यावरचा टॉवेल डोळ्यांवर ओढून घ्यावा आणि घरात आल्यावर अंधाऱ्या खोलीत, खिडकीला पोते किंवा चादर लावून निजावे. विश्रांतवाडीच्या पोरांना आम्ही हेच सांगितले आणि येताना जाड पडद्याचे कापड घेऊन दिले. दिवसा थकवा वाटला तर वामकुक्षी अवश्य करा, पण वीस मिनिटे, तीही तीनच्या आत. तीन तास झोपलात तर रात्रीची झोप उडते.

चहाचा असर चार-पाच तासांनी जेमतेम निम्मा होतो, म्हणून रात्री नऊचा चहा मध्यरात्रीही अंगात असतो. तंबाखू आणि मिश्री दोन्ही झोप उडवतात. आपण त्या जाग राहायला लावतो आणि मग झोपायच्या वेळीही तोंडात असतात. काही जण झोपेसाठी "थोडी" घेतात. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, म्हणजे साखरझोप पुन्हा गेलीच. मोबाइल अंथरुणात नेऊ नये, हे आम्ही पोरांना सांगतो. पण रात्री बाराला ऊसदराच्या चर्चेचे व्हिडिओ बघणारे सभासदही आम्हांला माहीत आहेत.

वारी करणारे आमचे काही सभासद सांगतात की दिंडीत तंबूत दाटीवाटीने, पावसात, दगडावर पाठ टेकून जी झोप लागते ती घरच्या गादीवर लागत नाही. त्यात चमत्कार नाही. दिवसभर चालणे, दिवसभर उजेडात राहणे, रात्री वेळेत अंधार, आणि रोज उठायची-निजायची एकच वेळ. आतल्या घड्याळाला हवे ते सगळे तिथे मिळते.

ज्यांची झोप सात-आठ तास होऊनही दिवसभर डोळे मिटतात, जे मोठ्याने घोरतात आणि घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठतात, त्यांनी हसण्यावारी नेऊ नये. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार आहे, त्याची तपासणी होते, उपचार आहेत. ट्रॅक्टर, ट्रक चालवणाऱ्यांनी तर तपासून घ्यावेच. आणि ज्यांची झोप कामाने नव्हे तर कर्जाच्या, घरच्या काळजीने उडाली आहे, रात्र-रात्र छत बघत पडतात, मनात नको ते विचार येतात, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या विषयावर गट बैठकीत बोललो तेव्हा पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एक ताई उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी दीड एकर ऊस, रात्रीच्या लाइटची पाळी आली की मालक दहाला जातात आणि पहाटे कधीतरी परततात. "तुम्ही त्येंची झोप मोजली साहेब. पण ते येईस्तोवर माझा डोळा लागत न्हाई. सरपाचं भ्या वाटतं, बिबट्याचं वाटतं. मग ते येत्यात, कडी वाजिवत्यात, मी उठून दार उघडते, पाणी तापवते, आणि चारला धारंला बसते. माझी झोप कुठल्या खात्यात धरायची?" बैठकीत कोणी काही बोलले नाही. आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. त्या सभासदाने मात्र पुढच्या बाजारच्या दिवशी तालुक्याहून बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप आणून दाराला बसवले. किल्ली आता त्याच्या करगोट्याला असते, आणि पाणी तो स्वतः तापवतो. मोबाइलवर तासातासाला एक मिसकॉल द्यायचा असेही ठरले होते, पण त्याने उलट ताईंची झोप मोडू लागली, म्हणून ते बंद केले. आता तो शेजारच्या प्लॉटवाल्याबरोबरच जातो, आणि आठवड्यातल्या दोन रात्री शेजारी एकटा दोघांचे पाणी धरतो.